डबा, दोन सेल आणि अडकलेले ५.९ व्होल्ट

प्रश्न इंग्लंडात, नॉटिंगहॅमला राहणाऱ्या एका मराठी तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "सिगारेट सुटावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते म्हणून, बदलत्या व्होल्टेजच्या व्हेप-मॉडचं (ई-सिगारेटच्या बॅटरीच्या डब्याचं) किट मागवलं. ॲल्युमिनियमचा डबा, दोन १८६५० सेलचा (बोटाएवढ्या लिथियम सेलचा) होल्डर, मुराटाचं ओकेआर-टी/१० मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून देणारं), ५०० ओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), २२० ओहमचा रेझिस्टर, एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), बटण आणि ५१० कनेक्टर (वर टाकी बसवायचा आटा). सगळं चित्रात दाखवल्याप्रमाणे जोडलं. पण पॉट कितीही फिरवला तरी आउटपुट ५.९ व्होल्टच दिसतं, आणि बटण सोडल्यावर कधीकधी डबा बंदच होत नाही. कॉइल (तापून वाफ करणारी तार) ०.५ ओहमचं आहे. काय चुकलं असेल? गणपतीला पुण्याला येताना हा डबा आणला तर चालेल का?"

आधी सेल बाहेर काढा. हे वाचून होईपर्यंत ते आत नकोत. बटण सोडल्यावर बंद न होणारा डबा गादीवर, खिशात, गाडीच्या सीटवर एक मिनिटही ठेवायचा नसतो. मी पंचवीसेक वर्षं पॉवर सप्लाय दुरुस्त करतोय. सुरुवात बुधवार पेठेतल्या एका माडीवर झाली आणि गेली बरीच वर्षं तुमच्याच बाजूला, लेस्टरला आहे. असे डबे मी स्वतःसाठी दोन आणि लोकांचे बिघडलेले बरेच उघडलेत. भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी मात्र कायद्याचा भाग, जो शेवटाकडे आहे, तो आधी वाचावा.

आता तुमचे ५.९ व्होल्ट. हा आकडा नेमका कुठून येतो ते कळलं की दोष अर्धा सापडतो. या मॉड्यूलचं आउटपुट त्याच्या ट्रिम पायापासून ग्राउंडपर्यंत लावलेल्या रेझिस्टरवर ठरतं. हिशोब सोपा आहे: १.१८२ ला त्या रेझिस्टरनं (किलो-ओहममध्ये) भागायचं आणि ०.५९१ मिळवायचे. तुमच्या वाटेत २२० ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याला सिरीजमध्ये ५०० चा पॉट आहे. पॉट एका टोकाला असताना एकूण ७२०, म्हणजे साधारण २.२३ व्होल्ट. दुसऱ्या टोकाला पॉट शून्य, वाटेत फक्त २२०, म्हणजे ५.९६ व्होल्ट. तुम्हाला कायम ५.९ दिसतंय, याचा अर्थ मॉड्यूलच्या दृष्टीनं तुमचा पॉट तिथे नाहीच. तो शॉर्ट आहे.

याउलट ट्रिमची वाट कुठे तुटली असती तर आउटपुट ०.५९ वर येऊन बसलं असतं. आणि पॉटचे बाहेरचे दोन पाय वापरले असते, मधला सोडून, तर आकडा २.२३ वर अडकला असता. म्हणजे अडकलेला आकडा कोणता, त्यावरून चूक कोणती ते जवळजवळ डोळे मिटून सांगता येतं. मला हे मॉड्यूल एका कारणासाठी आवडतं: पॉट झिजून वायपर (आतला सरकता कॉन्टॅक्ट) उचलला गेला तर व्होल्टेज वर उडी मारत नाही, खाली येतं. सगळ्या सर्किटांत असं नसतं.

शॉर्ट कुठे असेल? माझा पहिला संशय मधला पाय आणि शेजारचा पाय यांच्यामध्ये ओघळलेल्या सोल्डरवर. या छोट्या पॉटच्या पायांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर असतं आणि डाग देताना हात जरा जड पडला की खालून पूल तयार होतो. वरून दिसत नाही. डबा आडवा करून, टॉर्च बाजूनं मारून बघा. दुसरा संशय, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून पॉटच्या आतलं प्लास्टिक वितळलं आणि वायपर टोकालाच चिकटला. दोन्हींची तपासणी एकच: पॉटचा एक पाय सर्किटमधून सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, मधला आणि टोकाचा पाय धरून पॉट सावकाश फिरवा. ० ते ५०० असा आकडा सरकत गेला पाहिजे, मध्ये गचके नकोत. पाय न सोडवता मोजू नका. मॉड्यूलचं स्वतःचं पोट त्या मोजमापात मिसळतं आणि भलताच आकडा दिसतो.

दुरुस्ती होईपर्यंत ते ०.५ ओहमचं कॉइल लावू नका. ५.९६ व्होल्टला अर्धा ओहम म्हणजे जवळपास १२ अँपिअर, ७१ वॅट. मॉड्यूलची मर्यादा १० अँपिअर आणि ५० वॅट आहे. त्याच्यात शॉर्ट-सर्किटचं संरक्षण आहे हे खरं, पण रोज त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे दर वेळी हँडब्रेकनं गाडी थांबवण्यासारखं आहे. शिवाय सिगारेट सोडण्यासाठी एवढ्या ताकदीची गरजच नाही. सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत असा झुरका घ्यायचा तर १.२ ते १.५ ओहमचं कॉइल आणि १० ते १२ वॅट पुरतात. दीड ओहमला ४ व्होल्ट दिले की साडेदहा वॅटच्या आसपास येतात, प्रवाह पावणेतीन अँपिअरपेक्षाही कमी. सगळा डबा निवांत चालतो. कॉइल मल्टिमीटरवर मोजताना एक लक्षात ठेवा: दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारे ०.२-०.३ ओहम वजा करायचे. अर्ध्या ओहमच्या कॉइलमध्ये तेवढी चूक म्हणजे निम्मा आकडाच खोटा.

आता बटण. हा दोष पहिल्यापेक्षा गंभीर आहे, आणि "कधीकधी" होतो म्हणून जास्तच.

अशा किटांत बहुधा मॉसफेट सेलच्या मायनसच्या वाटेत असतो आणि डब्याची काया मॉड्यूलच्या ग्राउंडला, म्हणजे मॉसफेटच्या पलीकडे. बटण दाबलं की गेटला (मॉसफेटच्या चालू-बंद करणाऱ्या पायाला) प्लस मिळतो आणि वाट उघडते. सोडलं की बंद व्हायला हवी. ती न होण्याची दोन कारणं.

एक, गेट आणि सोर्स (सेलच्या मायनसकडचा पाय) यांच्यामधला १० किलो-ओहमचा रेझिस्टर. मॉसफेटचं गेट हा एक चिमुकला कपॅसिटर समजा. बटणानं त्याला भरलं, पण बटण सोडल्यावर ते रिकामं कोण करणार? त्या रेझिस्टरचं काम तेवढंच. तो नसेल, किंवा त्याचा डाग ड्राय (नीट न धरलेला) असेल, तर गेटवरचा भार तसाच राहतो आणि मॉसफेट मनाला येईल तेव्हा बंद होतो. तुमच्या किटच्या यादीत मला एकच रेझिस्टर दिसतोय, २२० चा. म्हणून पहिला संशय इथेच.

दोन, मॉसफेटला वळसा. सेल होल्डरच्या मायनसचा रिव्हेट किंवा पत्री मागच्या बाजूनं ॲल्युमिनियमच्या डब्याला टेकली, की मायनस थेट कायेशी जोडला जातो. मग मॉसफेट चालू असो वा बंद, डबा चालूच.

हे दुसरं माझ्या स्वतःच्या पहिल्या डब्यात झालं होतं. ५१० चं भोक पाडल्यावर मी डबा फुंकून साफ केला, पुसला नाही. ॲल्युमिनियमचा एक कीस, कानातल्या रिंगेसारखा वळलेला, होल्डरच्या खाली राहिला. टेबलावर असताना काही नाही. हातात घेऊन झाकणाचे स्क्रू आवळले, होल्डर अर्धा मिलिमीटर खाली दबला आणि तो कीस रिव्हेटला भेटला. वर बसवलेल्या टाकीतून, बटणाला कुणी हात न लावता, वाफ यायला लागली. मी झाकण उघडत बसलो. बायकोनं ओव्हनचा हातमोजा घालून डबा उचलला आणि मागच्या अंगणातल्या फरशीवर नेऊन ठेवला. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून भोकं पाडून झाली की डबा साबणाच्या पाण्यानं धुतो, वाळवतो आणि होल्डरखाली पातळ फायबरची चकती घालतो.

दोन्ही कारणं वेगळी कशी करायची? सेल बाहेर असताना आधी गेट आणि सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवून गेट रिकामं करा. मग मल्टिमीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब होल्डरच्या मायनसला, काळी डब्याच्या कायेला, जिथे रंग किंवा अनोडायझिंग नाही अशा जागी. ०.४ ते ०.६ असा आकडा दिसला तर तो मॉसफेटच्या पोटातला डायोड आहे, घाबरू नका. प्रोब उलट केल्या की तो नाहीसा झाला पाहिजे. पण मीटर बीप करत सरळ शून्य दाखवत असेल, तर तुमचा मायनस डब्याला टेकलाय. हे मोजताना झाकण लावून स्क्रू आवळूनही एकदा बघा, आणि डबा जरा पिळूनही. "कधीकधी" होणारे दोष झाकण उघडं असताना लाजतात.

इथे सगळं ठीक निघालं तर गेटचं व्होल्टेज मोजायचं, आणि त्यासाठी सेल लागतील. पण सेल थेट घालू नका. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर सिरीज लॅम्प असतो ना, शंभर वॅटचा बल्ब, तीच युक्ती. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या आणि सेलच्या प्लसच्या वाटेत सिरीजमध्ये लावा. आत कुठेही डेड शॉर्ट असला तरी प्रवाह दीड अँपिअरच्या आत राहतो आणि बल्ब लख्ख पेटून सांगतो. कॉइल न लावता बटण दाबा, सोडा, आणि गेट ते सोर्स व्होल्टेज बघा. लगेच शून्यावर आलं तर रेझिस्टर बहुधा आहे. हळूहळू उतरत राहिलं, दोन-तीन व्होल्टवर रेंगाळलं, तर तो नाही किंवा तुटका आहे. पण मीटर लावल्यामुळेही गेट झटकन रिकामं होतं, तेव्हा लगेच शून्य दिसलं तरी सेल काढून गेट ते सोर्स ओहम मोजा, १० किलोच्या आसपास हवेत.

ही दोन दुखणी बरी झाली की डबा चालेल. पण चालणं वेगळं आणि खिशात ठेवण्यालायक असणं वेगळं. किटवाल्यांचा सगळा जोर व्होल्टेज फिरवण्यावर असतो, कारण तेच विकलं जातं. मॉड्यूलच्या पुढचं सगळं मॉड्यूल सांभाळतं. सेल ते मॉड्यूल या चार इंचांत सांभाळणारं कुणी नाही, आणि तिथलं एकही संरक्षण तुमच्या यादीत मला दिसत नाही.

फ्यूज नाही. होल्डरच्या प्लसला लागूनच, पहिल्याच इंचात, गाडीतला छोटा ब्लेड फ्यूज लावा, १० अँपिअरचा. २५ वॅटवर तुमचे सेल चारेक अँपिअर देतील, त्यामुळे तो उगाच उडणार नाही.

सेल कुठे थांबायचे ते सांगणारं काही नाही. दोन सेल सिरीजमध्ये का घेतलेत? कारण मॉड्यूलला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि एक सेल पूर्ण भरला तरी ४.२ चाच असतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की दोन्ही मिळून ४.५ पर्यंत उतरले तरी मॉड्यूल मुकाट चालत राहील, म्हणजे एकेक सेल सव्वादोन व्होल्टपर्यंत पिळला जाईल. त्यात कमजोर असेल तो आणखी खाली. लिथियम सेल इतका उतरवून पुन्हा चार्ज करणं धोक्याचं आहे. एक छोटा व्होल्टमीटर लावा आणि ६.४ दिसले की थांबा. किंवा सरळ दोन सेलचं संरक्षण देणारी पट्टी टाका, मात्र तिची अँपिअर मर्यादा बघून.

हे दोन सेल एकाच दिवशी, एकाच जातीचे, नवे घ्यायचे. त्यांचं लग्न लागलं असं समजा: मार्करनं १अ आणि १ब लिहा, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा, एकत्रच निवृत्त करा. चार्जिंग बाहेर, प्रत्येक सेलला स्वतंत्र खण असलेल्या चार्जरवर. यूएसबीवर चार्ज करणारी ती स्वस्त टीपी४०५६ पट्टी डब्यात घालायचा मोह होईल. ती एका सेलसाठी आहे, सिरीजच्या जोडीला लावायची नाही.

सेल निवडताना एमएएचच्या (साठवणक्षमतेच्या) मोठ्या आकड्याला भुलू नका. वेष्टनावर ९९०० लिहिलेला १८६५० म्हणजे शुद्ध थाप. माझ्या हातून गेलेल्या अस्सल सेलवर ३६०० च्या वर आकडा कधी दिसला नाही, आणि व्हेपसाठी तर सतत किती अँपिअर देतो हे महत्त्वाचं. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचचा आणि २० अँपिअरचा. तुमच्या कामाला उत्तम. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल टॉर्चला ठीक, इथे नकोत. आणि वजन करून बघा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बरेचदा हातातच हलका लागतो.

सेलचं प्लास्टिकचं वेष्टन म्हणजे नुसतं लेबल नव्हे. आतला अख्खा पत्र्याचा डबा मायनस असतो, अगदी प्लसच्या टोपीच्या कडेपर्यंत. मध्ये आहे ती एक कागदी चकती आणि हे वेष्टन. ते कडेला नखाएवढं फाटलं आणि सेल ॲल्युमिनियमच्या डब्यात गेला की पुढचं सांगायला नको. नवं हिटश्रिंक (उष्णतेनं आवळणारं वेष्टन) काही पेन्सांत मिळतं, हेअर ड्रायरनं बसतं. सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच नाही, प्लास्टिकच्या डबीतच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल लोकांना वेगळा इशारा दिला, तो याच कारणानं.

होल्डरच्या स्प्रिंगकडेही बघा. स्वस्त स्प्रिंगचा रोध ३० मिलि-ओहम जरी धरला, तरी ८ अँपिअरला त्या एका स्प्रिंगमध्येच दोन वॅटच्या जवळ उष्णता होते. ती मऊ पडते, सेल ढिला बसतो, रोध आणखी वाढतो. पत्रीचे कॉन्टॅक्ट असलेला होल्डर घ्या. वायर सिलिकॉनची, दीड चौरस मिलिमीटर. सेलवर थेट डाग द्यायचा नाही, कधीच.

आणि भोकं. सेलच्या दोन्ही टोकांसमोर डब्याला चार-चार भोकं पाडा, तीन-चार मिलिमीटरची. सेल बिघडला तर वायू सोडतो. त्याला जायला जागा नसेल तर डबाच फुटतो. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला आणि २०१९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला व्हेपच्या स्फोटानं एकेक माणूस दगावला. फोर्ट वर्थचा तरुण २४ वर्षांचा होता. वस्तू तोंडाजवळ धरायची असते, हा यातला आणि टॉर्चमधला फरक.

सगळं झाल्यावर पहिली चाचणी कॉइलवर घेऊ नका. २ ओहम, ५० वॅटचा सोनेरी ॲल्युमिनियमचा रेझिस्टर मिळतो, तो एखाद्या जाड पत्र्यावर स्क्रूनं कसून डमी लोड करा. ४ व्होल्टला २ अँपिअर, ८ वॅट. दहा सेकंद दाबा, सोडा, असं दहा वेळा. मग सेल काढून बोट फिरवा: स्प्रिंग, फ्यूजची टोकं, मॉसफेट, मॉड्यूल. जिथे चटका बसेल तिथला डाग पुन्हा द्या. तुम्ही २५-३० वॅटच्या वर जाऊ नका. बंद डब्यात मॉड्यूलला हवा मिळत नाही.

एक स्पष्ट बोलतो. सिगारेट सोडणं हा मुख्य हेतू असेल तर तयार, नियंत्रित यंत्र घ्या आणि हे किट छंदाच्या खणात ठेवा. ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, मोठ्या माणसांना सिगारेटऐवजी व्हेप हा कमी हानीचा पर्याय म्हणून सांगते, निरुपद्रवी म्हणून नाही, आणि न ओढणाऱ्यांनी सुरू करू नये हेही सांगते. इथल्या २०१६ च्या नियमांनुसार विकल्या जाणाऱ्या टाकीला २ मिलिलिटरची आणि निकोटीनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सिगारेट सोडण्याच्या त्या अवघड पंधरवड्यात ड्राय सोल्डर शोधत बसायची वेळ आली, तर माणूस खाली कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाकीट घेऊन येतो. मी गेलो होतो.

आता गणपती. आणू नका. भारतात २०१९ च्या सप्टेंबरात आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात सगळं बंद. निकोटीन असो वा नसो, आणि पूर्ण वस्तू असो वा तिचा भाग. म्हणजे "नुसतं किट आहे, जोडलेलं नाही" हे उत्तर कस्टम्सच्या टेबलावर टिकत नाही. साठवणीला शिक्षा कमी आहे, बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि भारतात घरी बसून हा डबा जोडणं म्हणजे उत्पादनच. भारतात ज्यांना सिगारेट सोडायची आहे त्यांच्यासाठी निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं आणि १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे.

शिवशिवणाऱ्या हातांसाठी भारतातही मार्ग आहे. हेच मॉड्यूल, हाच २२० आणि ५०० चा हिशोब, तोच फ्यूज आणि व्होल्टमीटर. ५१० कनेक्टर आणि कॉइल काढून टाका, दोन बाइंडिंग पोस्ट (वायर आवळायचे खुंट) लावा. २.२३ ते ५.९६ व्होल्टचा, कुठेही नेता येणारा छान बेंच सप्लाय होतो. एलईडी, छोट्या मोटर, मुलांचे शाळेचे प्रकल्प, सगळ्याला चालतो. माझा दुसरा डबा आता तेच काम करतो.

तुम्ही आत्ता एवढंच करा: पॉटचा एक पाय सोडवून दोन्ही टोकांचे ओहम, सेल बाहेर ठेवून गेट ते सोर्स ओहम, आणि झाकण आवळून मायनस ते काया यांच्यातलं दोन्ही बाजूंचं मोजमाप. हे आकडे आणि होल्डरच्या मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा. फोटो काढताना सेल बाहेर.